न दिलेलं उत्तर

लामारा फाटकातून आत आली तेव्हा तिनातिन विहिरीपाशी उभी राहून अक्रोडाच्या हिरव्या सालींनी काळे झालेले हात घासत होती. तिने मान वर केली, मावशीला पाहिलं आणि हसून म्हणाली, "विजय असो, मावशी!"

म्हणाली कसली, निघून गेलं तोंडातून. पाच वर्षांची असल्यापासून दर रविवारी मावशीकडे गेली आणि ती दारात दिसली की हेच म्हणायची सवय. शब्द बाहेर पडला आणि मग तिने जीभ चावली.

आमच्याकडे दोन माणसं भेटली की पहिला म्हणतो "विजय असो" आणि दुसरा म्हणतो "तुझाच होवो". दूधवाला म्हणतो, पोस्टमन म्हणतो, कुंपणावरून भांडायला आलेला शेजारीसुद्धा आधी हे म्हणतो आणि मग शिव्यांना सुरुवात करतो. एरवी त्यात कुणी काही शोधत नाही. पण आज संध्याकाळी कुताइसी शहरातल्या नाट्यगृहात याच दोघी पटाच्या दोन बाजूंना बसणार होत्या. मावशी प्रजासत्ताकाची बुद्धिबळातली अजिंक्य खेळाडू, भाची तिला आव्हान देणारी, दोघींचे गुण सारखे आणि डाव शेवटचा. हा डाव बरोबरीत सुटला तरी पद मावशीकडेच राहणार होतं. तिनातिनला जिंकावंच लागणार होतं. म्हणून सामना सुरू झाल्यापासून दोघींनी हा शब्द कटाक्षाने टाळला होता. हात मिळवायचा, बसायचं, घड्याळ सुरू करायचं.

आणि आता वार्लाम आजोबांच्या चाळिसाव्याला, म्हणजे ते गेल्यानंतर चाळिसाव्या दिवशीच्या पंगतीला, त्यांच्याच अंगणात, पोरीने तो शब्द म्हटला होता. उत्तर दिलं तर मावशीने आपल्या तोंडाने विजय तिच्या ओटीत टाकला असं झालं. आणि नाही दिलं तर? आमच्या इमेरेती प्रांतात या शब्दाला उत्तर न देणारा माणूस अजून कुणी पाहिला नव्हता.

लामारा थांबली. डोक्यावरचा काळा रुमाल तिने उगाच सारखा केला. तिच्या मागे तिचा भाऊ बोंडो गाडीतून खुर्च्या उतरवत होता, तोही वाकला तसाच राहिला.

"आई कुठेय?" लामाराने विचारलं, आणि कुणी काही सांगायच्या आत ती घरात निघून गेली.

स्वयंपाकघरातल्या खिडकीतून झुझुनाने, म्हणजे लामाराच्या थोरल्या बहिणीने, तिनातिनच्या आईने, हे सगळं पाहिलं. गेलेल्या माणसासाठी करतात ती गव्हाची, मधातली खीर चुलीवर रटरटत होती. ढवळायची राहिली आणि खाली लागली.

"खीर लागली," बाकावर बसून मक्याच्या भाकरी फडक्यात गुंडाळणारी म्हातारी नुत्सा म्हणाली. तिची नजर गेली होती, कान मात्र शाबूत होते. "आणि माझ्या धाकट्या लेकीने माझ्या नातीला उत्तर दिलं नाही. बरोबर ऐकलं ना मी?"

लामारा दारातच उभी होती. "आई, आज तो विषय नको."

"मग कधी काढू? तुझा बाप याच दारात बसायचा. ज्या माणसाने आमचा मळा सरकारजमा केला, तो फाटकात येऊन विजय असो म्हणाला, तेव्हा त्यालाही उत्तर दिलं त्याने. दात ओठ खाऊन दिलं, पण दिलं. जा, पोरीला दोन शब्द म्हण आणि मग ये बापासाठी रडायला."

"संध्याकाळी खेळ झाला की म्हणेन."

"संध्याकाळी? शिळं उत्तर देणार होय?"

लामाराने आईकडे पाठ केली आणि बहिणीकडे बघितलं. "हे तू शिकवलंस तिला."

"मी?"

"मग काय शेजारच्या म्हशीने?"

झुझुनाने खिरीतली पळी बाजूला ठेवली. "तुला आठवतं तर," ती हळूच म्हणाली.

आठवणारच. दोघी मुली असताना प्रजासत्ताकाच्या संघात एकच जागा रिकामी होती आणि वार्लामच्या दोन्ही लेकी त्या जागेसाठी समोरासमोर आल्या होत्या. दारातच लामारा मोठ्याने ओरडली होती, "विजय असो, ताई!" परीक्षक ऐकत होते, बाप ऐकत होता. झुझुनाला "तुझाच होवो" म्हणावंच लागलं. ती हरली. मग तिचं लग्न झालं, तिनातिन झाली, पट माळ्यावर गेला आणि लामारा अजिंक्य झाली. आपण हत्ती चुकीच्या घरात ठेवला म्हणून हरलो, शब्दाने कुणी हरत नसतं, असं झुझुनाने स्वतःला कितीतरी वेळा बजावलं होतं. एकदाही तिला ते पुरतं पटलं नव्हतं.

"मी तिला काही शिकवलेलं नाही," ती म्हणाली. "पोरगी विसरली गं. तुला बघून तिला बरं वाटलं, एवढंच. गेला महिनाभर तू तिच्याकडे धड बघतसुद्धा नाहीस."

"बघितलं की ती मला पाच वर्षांची दिसते. मग खेळू कशी मी?"

झुझुनाने पातेलं उतरवलं आणि वरची न लागलेली खीर दुसऱ्या भांड्यात काढायला लागली. नुत्सा मात्र गप्प बसणारी नव्हती. "खेळ कसाही," ती म्हणाली, "पण माझ्या घरात उत्तर दे."

द्राक्षाच्या मांडवाखाली टेबलं लागली आणि बोंडोच्या जिवाला घोर लागला. चाळिसाव्याच्या पंगतीत पेले उचलताना पहिलं बोलायचा मान त्याचा. वडिलांच्या नावाने बोलताना त्याला काहीच जड गेलं नाही. गेलेल्याच्या पंगतीत आम्ही पेल्याला पेला लावत नाही. भाकरीवर वाइनचे दोन थेंब टाकायचे, देव त्याला विसावा देवो म्हणायचं आणि प्यायचं.

"आमच्या बाबांनी या अंगणातल्या प्रत्येक पोराला पट शिकवला," बोंडो म्हणाला. "मला नाही आला, तो दोष माझ्या डोक्याचा. तिरकं चालतं ते आपलं कासव. दुसऱ्या मुलखात त्याला उंट म्हणतात म्हणे. असेना. पण बाबांची सगळी माया त्या कासवावर. मी खेळायला बसलो की मागून आवाज यायचाच, 'बोंडो, तुझं कासव झोपलंय, उठव त्याला!' शेवटी दवाखान्यात, शुद्ध हरपत चालली होती, तरी नर्सकडे बघून म्हणाले, 'हिचं कासव झोपलंय.'"

पंगत हसली, काहींनी डोळे पुसले. लामाराही हसली आणि टेबलाच्या पलीकडे बसलेल्या तिनातिनकडे तिची नजर गेली. दोघींनी लगेच मान खाली घातली.

खरी पंचाईत पुढे होती. गेलेल्यांचं झालं की जिवंतांसाठी पेला उचलायचा, आणि तिथे नाव घेऊन "याचा विजय असो" म्हणावंच लागतं. कुणाचं नाव आधी घ्यायचं? बोंडो आतून लामाराचा होता. कुताइसीतला त्याचा फ्लॅट, घरातला टेलिफोन, सगळं अजिंक्य बहिणीच्या नावावर मिळालेलं. पण भाचीच्या डोळ्यांत बघून तिच्या विरुद्ध पेला कसा उचलायचा? म्हणून त्याने पाहुण्यांचा विजय मागितला. मग द्राक्षमळ्याचा. मग कुताइसीच्या फुटबॉल संघाचा, जो त्या वर्षी प्रत्येकाकडून मार खात होता.

"बोंडो," शेजारचा सेवेरियान पलीकडून ओरडला, "आता माझी म्हैस तेवढी राहिली. तिचाही विजय असो म्हण आणि मोकळा हो!"

"माझ्या लेकीबाळींची नावं कधी घेणार तू?" नुत्साने विचारलं.

बोंडोने घसा साफ केला. "तर मग... लामारा आणि..."

"थांब." म्हातारीने टेबलावर हात आपटला. "जी उत्तर देत नाही तिच्या नावाने माझ्या नवऱ्याच्या चाळिसाव्याला पेला उचलायचा नाही. तिचा पेला राहू दे भरलेला तसाच."

टेबलावर एकच कुजबूज सुरू झाली. ज्यांना सकाळचं माहीत नव्हतं त्यांना शेजारच्यांनी सांगितलं. लामाराने भावाकडे बघितलं, तू तरी बोल, अशा नजरेने. आणि बोंडो, ज्याने गाडीतून येताना तिच्याच विजयाची खात्री दिली होती, पेला खाली ठेवून म्हणाला, "आई बरोबर बोलतेय, लामारा. दोन शब्दांचा प्रश्न आहे. म्हणून टाक."

"तू पण? घरात टेलिफोन कुणामुळे वाजतो रे तुझ्या?"

"घेऊन जा तो टेलिफोन! तसाही बायकोच्या आईचाच फोन येतो त्याच्यावर!"

"खुर्चीची चटक वाईट," सेवेरियान शेजाऱ्याला म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "इतकी वर्षं बसली, आता सख्ख्या भाचीलासुद्धा..."

त्याचं वाक्य पुरं झालं नाही. राजम्याचं पातेलं घेऊन आलेल्या झुझुनाने ते दाणकन त्याच्यासमोर ठेवलं.

"सेवेरियान, माझ्या बहिणीबद्दल बोलायचं असेल तर मी बोलेन. तेवढं नुकसान तिने माझंच केलंय, तुझं नाही. तू राजमा खा."

लामाराने चमकून बहिणीकडे बघितलं. सकाळपासून झुझुना आपल्या विरुद्ध आहे असं ती धरून चालली होती. झुझुनालाही आपण हे काय बोललो ते कळेना. तिला मुलगी जिंकायला हवी होती. मुलीच्या जन्माआधीपासून हवी होती म्हटलं तरी चालेल. पण बहीण या टेबलावर एकटी पडलेली तिला बघवेना.

तेवढ्यात तिनातिन उभी राहिली. "मी माझा शब्द मागे घेते, आजी. चुकून गेला तोंडातून."

"मागे घेते म्हणे!" नुत्सा म्हणाली. "मोहऱ्याला हात लावला की ते खेळावंच लागतं. तुझ्या आजोबांनी हे शिकवलं नाही तुला?"

कुताइसीला निघाल्यावर बोंडोच्या गाडीत पुढच्या सीटवर त्याच्या साहेबासाठी घेतलेल्या द्राक्षांच्या पेट्या होत्या. म्हणून मागे तिघी. एका खिडकीशी अजिंक्य, दुसऱ्या खिडकीशी आव्हान देणारी, मध्ये मांडीवर डबा घेऊन झुझुना. गाडी वळली की डबा कधी बहिणीला लागायचा, कधी मुलीला. झुझुना दर वेळी दोघींची माफी मागायची.

लामारा बाहेर बघत होती. शेतांतून द्राक्षांची तोडणी चालली होती, बैलगाड्या टोपल्यांनी भरल्या होत्या, आणि तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. आपण हरलो तर काय? भाजीवाली तिला लामारा अजिंक्य म्हणते. बसचा कंडक्टर म्हणतो. इतकी वर्षं ते आडनावासारखं चिकटलंय. लग्न केलं नाही, पोर नाही. तिब्लिसीतल्या तिच्या दोन खोल्यांत चषक आहेत, आणि रविवारी येणारी ही मुलगी होती. आता एकाच संध्याकाळी दोन्ही जाणार असं दिसत होतं. तिला भीती वाटत होती. डावाची तर वाटतच होती, पण डाव संपल्यावरच्या रविवारची जास्त.

नदीच्या पुलाअलीकडे मेंढरांचा कळप आडवा आला आणि गाड्या थांबल्या. तिथल्या वाहतूक पोलिसाने खिडकीत डोकावून पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"अरे, लामाराताई! विजय असो! आज आमचं नाव राख बरं का!"

"तुझाच होवो, भाऊ," लामारा म्हणाली.

बोंडोचा हात गियरवर तसाच राहिला. झुझुनाने डोळे मिटून घेतले. मेंढरं गेली, गाडी पुलावर चढली, आणि तेव्हा कुठे तिनातिन बोलली. सकाळचा तो निसटलेला शब्द सोडला तर महिनाभरात पहिल्यांदाच ती थेट मावशीशी बोलत होती.

"पोलिसाला दिलंस."

"पोलीस आज माझ्याशी खेळणार नाहीये."

"सहज दिलंस. विचारसुद्धा केला नाहीस."

"म्हणूनच दिलं गं. तुझ्या बाबतीत विचार करावा लागतो."

"मावशी, मला तुझा विजय नकोय. तो मी माझा मिळवीन नाही तर नाही मिळणार. मला तुझं उत्तर हवंय. दोन्ही वेगळं आहे."

"आपल्या भाषेत नाही वेगळं," लामारा म्हणाली.

"बास करा दोघी," झुझुना मधेच म्हणाली. "नाही तर हा डबा डोक्यात घालीन एकेकीच्या."

पण लामाराला आता थांबता येईना. ती झुझुनाच्या पलीकडे वाकली. "तुझ्या आईला विचार. त्या दिवशी तिने मला उत्तर दिलं आणि ती हरली. शब्दाने हरली की हत्तीने, अजून तिला माहीत नाही. मलाही माहीत नाही की मी जिंकले ती कशाने. मी सकाळी तुला म्हटलं असतं आणि तू आज जिंकलीस, तर मी तुला दिलं की तू घेतलंस, हे तुला तरी कळलं असतं का? जन्मभर रात्रीची उठून बसली असतीस."

तिनातिन रडत होती आणि ते दिसू नये म्हणून काचेला कपाळ लावून बसली होती. झुझुनाने एक हात डब्यावरून काढला आणि बहिणीच्या गुडघ्यावर ठेवला. इतक्या वर्षांत लामाराने त्या दिवसाबद्दल पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं.

"हत्तीने हरले मी," झुझुना म्हणाली. "आज सांगते. हत्तीने."

नाट्यगृहाबाहेर भिंतीवर भला मोठा पट टांगला होता आणि चौकात माणसांची दाटी झाली होती. आत रंगमंचावर तिनातिनने पांढरी मोहरी सारखी केली तेव्हा तिला आपली बोटं दिसली. अक्रोडाचा काळेपणा घासून गेला नव्हता. मावशीचा हात हातात आला, थंडगार होता. दोघी बसल्या. पंचांनी घड्याळ सुरू केलं.

तिनातिनला आधी रागच होता. त्या रागात तिने पहिल्या खेळ्या भराभर केल्या आणि मग स्वतःला आवरलं. मावशी नेहमीसारखी खेळत होती, घट्ट, दार लावून. बरोबरीने तिचं भागत होतं, म्हणून ती प्यादी एकमेकांत अडकवत गेली. पण त्या नादात तिचं कासव तिच्याच प्याद्यांच्या मागे कोंडलं गेलं. ते बाहेर काढायला तिने जे प्यादं ढकलायला हवं होतं, ते ढकलायला दोन खेळ्यांचा उशीर झाला, आणि तोवर तिनातिनचं प्यादं त्याच्या तोंडावर येऊन उभं राहिलं होतं. तिनातिनला आजोबांचा आवाज अगदी कानाशी ऐकू आला, आणि तिने वर बघितलं. मावशीनेही वर बघितलं होतं. तिलाही तो ऐकू आला असावा.

त्यानंतर डाव तिनातिनच्या बाजूने झुकत गेला. वजीर वजिराला गेला, एक प्यादं जिंकलं, मग दुसरं. मावशीचा राजा कोपऱ्यात सरकला. सभागृहात खुर्च्या करकरायला लागल्या. तिसऱ्या रांगेत झुझुना हातांत हात आवळून बसली होती. आता झालंच, असं सगळ्यांना वाटत असताना लामाराने आपला उरलेला एकुलता हत्ती उचलला आणि तिनातिनच्या राजाच्या अगदी शेजारी नेऊन ठेवला. शह.

फुकटचा हत्ती. खाऊन टाकायचा. तिनातिनचं काळं बोट राजावर जवळजवळ टेकलंच होतं.

तिने हात झटकन मागे घेतला. हा डाव तिला माहीत होता. तिब्लिसीतल्या स्वयंपाकघरात, मेणकापडावर पावाचे तुकडे मांडून मावशीनेच दाखवला होता. "हा वेडा हत्ती," मावशी म्हणाली होती. "खाल्लास की मेलीस." मावशीची सगळी प्यादी अडकलेली, कासव कोंडलेलं, कोपऱ्यातल्या राजाला पाय टाकायला जागा नाही. हलण्यासारखा एवढा हत्तीच होता. तो खाल्ला की मावशीकडे खेळायला चालच उरत नव्हती, आणि शह नसताना चाल उरली नाही की डाव बरोबरीत. बरोबरी म्हणजे पद मावशीचंच. जे कासव डावभर झोपलं म्हणून मावशी हरत आली होती, तेच आता झोपून तिला वाचवत होतं.

तिनातिनचा सकाळपासूनचा राग कुठल्या कुठे गेला. मावशी काहीही सोडत नव्हती. ती जीव तोडून खेळत होती, दुसऱ्या कुणाशीही खेळली असती तशी. याहून मोठा मान तिनातिनला आजवर कुणी दिला नव्हता.

तिने राजा बाजूला घेतला. हत्ती पाठोपाठ आला. शह. पुन्हा बाजूला. पुन्हा शह. लोक हसायला लागले, मग हसायचे थांबले. तिनातिन राजाला एकेक घर चालवत होती आणि हत्ती कुत्र्यासारखा मागे लागला होता. कुठे नेऊ याला? खायचा नाही, सुटायचं नाही. डोकं गरम झालं. मग तिची नजर मावशीच्या कासवावर गेली आणि ती थबकली. आजोबा हे नेहमी ज्याच्या त्याच्या कासवाबद्दल म्हणायचे. समोरच्याचं कासव उठव, असं ते कुणालाच कधी म्हणाले नव्हते.

तिने राजा उलट दिशेला, आपल्या प्याद्यांच्या बाजूला न्यायला सुरुवात केली. मावशीला दोन खेळ्यांत कळलं. तिचा हात हत्तीवर बराच वेळ राहिला. पण शह द्यायला आता एकच घर शिल्लक होतं आणि ते घर तिनातिनच्या त्या अडवून उभ्या असलेल्या प्याद्याच्या टप्प्यात होतं. मावशीने हत्ती तिथे ठेवला. तिनातिनने राजाने नाही, प्याद्याने हत्ती खाल्ला. प्यादं बाजूला सरकलं आणि इतका वेळ बंद असलेली वाट मोकळी झाली. मावशीचं समोरचं प्यादं आता चालू शकत होतं. मावशीपाशी चाल होती. म्हणजे बरोबरी नव्हती.

लामारा पटाकडे बघत बसली. हरलं होतं सगळं, हे चौकातल्या शेवटच्या माणसालाही कळत होतं. तरी तिने प्यादं पुढे ढकललं. तिनातिनने आपला वजीर करायला निघालेलं प्यादं एक घर पुढे नेलं. मग लामाराने कासव उचललं आणि सबंध डावात पहिल्यांदा त्याला बाहेर आणलं, एक घर, तिरकं. त्याने काही होणार नव्हतं. तिने घड्याळ थांबवलं आणि पटावरून हात पुढे केला.

सभागृह उभं राहिलं होतं. टाळ्यांनी काही ऐकू येत नव्हतं. पंच जवळ येत होते. हात हातात असतानाच लामारा पुढे झुकली.

"तुझाच होवो," ती म्हणाली. "शिळं झालंय, पण घे."

तिनातिनच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि आनंदाश्रू म्हणून फोटोवाले ते टिपत होते. तिने मावशीचा हात आणखी घट्ट धरला.

लामाराच्या डोळ्यांत तीच जुनी चमक आली होती, मेणकापडावर पावाचे तुकडे मांडताना असायची तशी.

"आणि एक लक्षात ठेव," ती म्हणाली. "आता आव्हान देणारी मी. पुढच्या वेळी दारात आधी मी म्हणणार, आणि लोकांसमोर म्हणणार."

तिनातिनने काळ्या बोटांनी डोळे पुसले. गालभर डाग पसरला.

"म्हण की," ती म्हणाली. "उत्तरासाठी संध्याकाळपर्यंत थांबायची तयारी ठेव मात्र."